टोमॅटो कोणत्या पंखाखाली?

४ फेब्रुवारी

प्रिय आत्याआजी,

फोनवर तू नुसतं ‘हं, हं, बरं’ करतेस आणि मग ‘तुझ्या बाबाला दे’ म्हणतेस, म्हणून हे पत्र. सोबत प्लॅस्टिकचा एक छोटा तुकडा चिकटवलाय, कचरा समजून फेकू नकोस!

तर बातमी अशी, की मी तुझं विमान बनवतेय. खरंखुरं नाही गं, किटमधलं, एकास अठ्ठेचाळीस स्केलचं. पण तेच! एका इंजिनाचं, एका पायलटचं, युद्धातलं. युद्धात तू विमानांचं शिवणकाम करायचीस त्या रिपेअर शेडचं आता म्युझियम झालंय, तिथे काचेचं एक कपाट रिकामं पडलंय. म्युझियम सांभाळणाऱ्या काकांच्या गळ्यात कायम एक भिंग लटकत असतं, त्यामुळे सगळे त्यांना भिंगवाले म्हणतात. ते मला म्हणाले, “याच शेडमध्ये दुरुस्त झालेलं एखादं विमान अचूक बनवून आण, ठेवतो. शेजारी कार्डावर त्याची गोष्टही लिहीन. पण खरी असली तरच.” मी लगेच म्हटलं, आहे ना माझ्याकडे विमान. टोमॅटो!

घरी सांगितलं तर बाबा हसून हसून लोळायचे बाकी राहिले. “आत्याचा टोमॅटो? अगं, ती दर वेळी सांगायची तेव्हा तो ठिपका वाढायचा. आता कलिंगड झालं असेल त्याचं.” आईपण हसली. मला काही हसू आलं नाही. मी ठरवलंय, टोमॅटो त्या कपाटात जाणार आणि कार्डावर तुझं नाव असणार. मग बघू कोण हसतं.

किटवाल्यांनी नाक तीन मिलिमीटर आखूड केलंय, बोल! मी कापलं आणि मध्ये पट्टी घालून जोडलं. मी कुणावर विश्वास ठेवत नाही, सगळं मोजते. तू फक्त मला सगळं सांग. कुठला पंख, केवढा ठिपका, लाल म्हणजे कुठला लाल. आणि चिकटवलेला तुकडा म्हणजे पंखाच्या मागच्या कडेला जो हलतो ना तो भाग, एलेरॉन. किटमध्ये एक जास्तीचा होता. बरोबर आहे का बघ.

तुझी,
चिमटी


११ फेब्रुवारी

चिमटे,

लहानपणी गाल ओढायला येईल त्याला चिमटा काढायचीस, आता हातात चिमटा धरून बसतेस. नाव मी उगाच नाही ठेवलं.

तुकडा पोचला. चष्मा लावून पाहिला, मग चष्मा काढून बोट फिरवलं. हे काय आहे? उशीचा अभ्रा? पट्ट्यांच्या मधे कापड एवढं लोंबतंय! आमच्याकडे कुणी असं केलं असतं तर मुकादमबाईने ते कापड तिच्याच गळ्यात बांधलं असतं. अगं, ह्या भागाला पत्रा नसायचा, पट्ट्यांवर कापड असायचं. ते शिवून झालं की वरून उग्र वासाचं रोगण मारायचे. ते वाळलं की कापड असं आक्रसायचं, की टिचकी मारली तर ढोलासारखं वाजायचं. आतल्या पट्ट्या हाताला लागायच्या, डोळ्याला नाही. घास ते. आणि तू म्हणतेस एलेरॉन, आम्ही म्हणायचो झडप.

आता टोमॅटो. मी एकोणीस वर्षांची, अंगाने काडी. म्हणून अडचणीच्या जागी मलाच घालायचे. त्या दिवशी शेडमध्ये विमानं अशी कोंबली होती, की तीन विमानांच्या पोटाखालून रांगत मी त्या विमानापर्यंत पोचले. अख्खं विमान मी पाहिलंच नाही. झडपेखाली सरकले आणि पाठीवर झोपले. पाय राहिले बाहेर, शेपटाच्या बाजूला. जो तो त्यांना अडखळायचा आणि मला शिव्या घालायचा. एका मेकॅनिकने तर माझ्या बुटांवर पाने-स्क्रू ठेवले, त्याला वाटलं खोकं आहे.

विमानाचं पोट माझ्या उजव्या हाताला, पंखाचं टोक डाव्या हाताला. म्हणजे डावा पंख. झडपेला खालून भोक, मोठ्या बशीएवढं. ठिगळ नेहमी चौकोनी लावायचे, पण तिथे पट्टी आडवी येत होती, म्हणून मी गोल कापलं. रोगण लाल असायचं. त्यावर मारायचा निळा रंग संपलेला आणि विमान तर लगेच हवं. राहू द्या तसंच, म्हणाले. मुकादमबाईने वाकून पाहिलं आणि म्हणाली, “हा काय टोमॅटो लावलास?” झालं, विमानाचं नावच पडलं.

मी घरी जाऊन मेल्यासारखी झोपले. ते उडताना बाकीच्या मुलींनी पाहिलं, मी नाही. पण ते परत आलं. कारण पायलट शेडमध्ये आला आणि विचारून गेला, “टोमॅटो कुणी लावला?” आणि मी? मी चहा प्यायला गेले होते! माझं नशीब बघ.

तुझ्या बाबाला सांग, कलिंगड त्याच्या खांद्यावर आहे. डावा पंख. लिहून ठेव.

आत्याआजी


२० फेब्रुवारी

प्रिय आत्याआजी,

तू ग्रेट आहेस! सगळ्या खोलगट जागा पुट्टीने भरल्या, वाळू दिल्या, मग ओल्या सँडपेपरने घासत बसले. झडप (आता मी पण झडपच म्हणते) अशी झालीय, की डोळे मिटले तर पट्ट्या कळतात आणि उघडले तर गायब. भिंगवाल्यांनी अंगठा फिरवला आणि म्हणाले, “हे किटमध्ये नव्हतं.” मी म्हटलं, “आजीमध्ये होतं.” ते नुसते ‘हूं’ म्हणाले. त्यांचं ‘हूं’ म्हणजे दुसऱ्या कुणाच्या टाळ्या समज.

बाबांना निरोप दिला. ते म्हणाले, “आत्या फॉर्मात आहे.”

टोमॅटो पातळ टिश्यू पेपरचा गोल कापून केला, नुसता रंगाचा ठिपका नाही. ठिगळ आहे तर कडा बोटाला लागायला नको? डाळीच्या दाण्याएवढा आहे, तीनदा शिंकेसरशी उडाला. शेवटी डाव्या पंखाखाली बसला. लाल कुठला ते ठरत नाहीये, म्हणून कागदावर तीन ठिपके दिलेत. निवड.

एक गाढवपणा झाला. कॉकपिटच्या काचेवर गोंदाचा अंगठा उमटला, कायमचा. पायलटला बाहेर बघायचं तर माझ्या अंगठ्यातून बघावं लागेल. नवी काच मागवलीय.

भिंगवाले म्हणाले, म्युझियममध्ये जुन्या फोटोंची खोकी आहेत, कुणी उघडलेली नाहीत. आम्ही शोधतोय. फोटो सापडला की बाबांच्या तोंडाला कुलूप!

चिमटी


२७ फेब्रुवारी

चिमटे,

तिसरा लाल. विटेसारखा. पहिला म्हणजे लिपस्टिक आहे, विमान लढायला गेलं होतं, लग्नाला नाही.

मी शेजारणीला सांगितलं. शेजारणीला सांगणं म्हणजे दवंडी पिटणं. आता दूधवाल्यापासून पोस्टमनपर्यंत सगळे विचारतात, “काय, कपाटात गेलं का विमान?” मी म्हणते, रंग चाललाय. म्युझियमला यायचं म्हणून नवे बूट घेतलेत. घरात घालून चालून बघते.

तुला म्हणून सांगते. इतकी वर्षं हे सगळे हसले, मीपण त्यांच्यात हसायचे. घरच्यांची गंमत असते, मनावर काय घ्यायचं. पण तुझ्या बाबाच्या लग्नात त्याने सगळ्यांसमोर सांगितलं, ‘ही माझी आत्या, हिने युद्ध जिंकलं, सुईने.’ सगळा हॉल हसला. मी तेव्हा हातातलं सरबत संपवलं. त्यानंतर टोमॅटोची गोष्ट मी आपणहून कुणाला सांगितली नाही. तू विचारलीस म्हणून.

फोटो सापडला की एक कॉपी मला पाठव. फ्रेम करून दारातच लावते. तुझा बाबा आत आला की आधी त्याची गाठ टोमॅटोशी.

आत्याआजी


१८ मार्च

प्रिय आत्याआजी,

सॉरी, उशीर झाला. परीक्षा आहे. शिवाय प्रायमर नीट वाळत नाहीये, हवा दमट आहे. फोटोंची खोकी बघणं चालू आहे. बाकी सगळं ठीक. बूट छान असतील.

चिमटी


२३ मार्च

चिमटे,

हे पत्र आहे की तार? मी रोगणात कोपरापर्यंत हात घातलेली बाई आहे. रंग वाळायला किती लागतं ते मला नको शिकवू. आणि तुझ्या पत्रात एकही उद्गारचिन्ह नाही. म्हणजे तुला ताप तरी आलाय, नाहीतर फोटो तरी सापडलाय.

कुठलं ते लिही.

आत्याआजी


२८ मार्च

प्रिय आत्याआजी,

फोटो सापडलाय.

विमान शेडवरून कमी उंचीने उडत चाललंय आणि कुणीतरी जमिनीवरून काढलाय. पंखाखाली गोल ठिपका इतका स्पष्ट आहे, की भिंगाची गरज नाही. मागे लिहिलंय, ‘टोमॅटो’. मी किंचाळले! पूर्ण म्युझियमने वळून पाहिलं.

पण तो उजव्या पंखाखाली आहे.

मला आधी वाटलं, फोटो उलटा छापला असेल. पण विमानाच्या अंगावरची अक्षरं सरळ वाचता येतात. म्हणजे फोटो बरोबर आहे. भिंगवाले म्हणाले, “मॉडेल उत्तम आहे, मी ठेवतो. ठिगळ उजवीकडे घे. पण कार्डावर आजीचं नाव नाही. ठिगळ होतं हे सिद्ध झालं, ते कुणी लावलं हे नाही. जिने एवढा वेळ खाली पडून ते शिवलं, ती पंखच विसरेल? त्या शेडमध्ये खूप मुली होत्या. ऐकलं असेल त्यांच्याकडून.”

मी त्यांच्याशी भांडले, खरंच. आणि मी तुझ्याच बाजूने आहे. मला वाटतं, एवढी वर्षं झाली, डावं-उजवं कुणाच्या लक्षात राहतं? तू फक्त दोन ओळी लिहून दे, की पंख नक्की कुठला ते आता आठवत नाही. बाकीचं मी बघते, त्यांना पटवते. त्यात काही कमीपणा नाही गं.

बाबांना अजून सांगितलेलं नाही.

चिमटी


२ एप्रिल

चिमटे,

मला आठवतं. पोट उजव्या हाताला, टोक डाव्या हाताला. आठवत नाही असं मी लिहून देणार नाही. उद्या म्हणाल, सुई धरली होती की नाही ते पण आठवत नाही असं लिही.

तुझा फोटो खरा असेल. माझे हातही खरे होते.

बूट दुकानात परत केले. चावत होते.

परीक्षेचा अभ्यास कर.

आत्याआजी


१० मे

आत्याआजी, आत्याआजी, आत्याआजी!

माझ्या मागच्या दोन पत्रांना तू उत्तर दिलं नाहीस. बरोबर केलंस. त्यांत नुसतं सॉरी होतं, आणि सॉरीला काय उत्तर द्यायचं. ह्या पत्राला मात्र द्यावंच लागेल.

टोमॅटो मी सोलून उजव्या पंखाखाली लावला होता, फोटोत आहे तसा. विमान पूर्ण झालं होतं आणि मला ते बघवत नव्हतं. काल विचार केला, मी नाक मोजलं, शेपूट मोजलं, सगळं मोजलं, पण तू जे दोनदा लिहिलंस ते मोजलंच नाही. पोट उजव्या हाताला, टोक डाव्या हाताला. हे मापच आहे की! मग मी ते तपासलं का नाही?

हॉलमधल्या दिव्याच्या हुकाला दोऱ्याने विमान टांगलं आणि खाली पाठीवर झोपले. पाय विमानाच्या नाकाकडे, डोकं शेपटाकडे. टोमॅटोच्या बरोबर खाली. आणि काय, पोट डाव्या हाताला, टोक उजव्या हाताला. तुझ्या एकदम उलट. मी तशीच पडून राहिले. रडले थोडी, सांगून टाकते. एवढ्यात बाबा पेपर वाचत आत आले आणि माझ्या पायांना अडखळून सोफ्यावर आपटले. “कुणाचे पाय आहेत हे मधेच!” म्हणून ओरडले.

पाय! तू लिहिलं होतंस, पाय शेपटाच्या बाजूला, जो तो अडखळायचा! झडप पंखाच्या मागच्या कडेला असते, मग मागूनच आत सरकणार ना, डोकं पुढे! मी फिरले. डोकं नाकाकडे, पाय शेपटाकडे. वर बघितलं.

पोट उजव्या हाताला. टोक डाव्या हाताला. आणि टोमॅटो तिथेच, उजव्या पंखाखाली!

कळलं का तुला? पायलट सीटवर बसतो तेव्हा जो त्याचा उजवा पंख, तो पाठीवर असं झोपलेल्या माणसाच्या डाव्या हाताला येतो. तू अख्खं विमान कधी पाहिलंच नव्हतंस, म्हणून तुझ्यासाठी तो डावा पंख.

मी बाबांना झोपवलं. आधी म्हणाले, “माझी कंबर,” मग झोपले. आज भिंगवाल्यांना म्युझियममध्ये झोपवलं, त्यांचं भिंग घरंगळून कानात गेलं. मी म्हटलं, “काका, तिने ही गोष्ट कुणाकडून ऐकली असती तर उजवा म्हणाली असती. उडताना पाहणाऱ्या सगळ्या उजवाच म्हणणार. डावा म्हणेल अशी शेडमध्ये एकच मुलगी होती. जी खाली पडून शिवत होती ती.”

ते उठलेच नाहीत. मग पडल्या पडल्या खिशातून पेन काढलं आणि तुझं पूर्ण नाव विचारलं.

बाबा तुला स्वतः पत्र लिहितो म्हणालेत. तीन कागद फाडून झालेत.

बूट परत आण!

चिमटी


१६ मे

चिमटे,

पत्र वाचलं आणि पहिली गोष्ट केली ती म्हणजे इस्त्रीचं टेबल मांडलं. त्याचं निमुळतं टोक म्हणजे नाक. त्याच्याखाली मागच्या बाजूने शिरले. ह्या वयात शिरता येतं, बाहेर यायला शेजारीण लागते. तिने मला ओढून काढलं आणि विचारलं, “हे काय चाललंय?” म्हटलं, “साक्ष देत होते.”

तू म्हणतेस तेच. म्हणजे इतकी वर्षं मी चूक सांगत होते आणि खरं सांगत होते, दोन्ही एकदम. असं फक्त माझ्याच बाबतीत होऊ शकतं.

तुझ्या बाबाचं पत्र आलं. त्यात काय आहे ते तुला सांगणार नाही. चांगलं आहे. लग्नातल्या सरबताचा हिशेब मिटला.

आता ऐक. तुला अचूक पाहिजे ना? मग अजून एक चूक राहिलीय, आणि ती तुझी आहे. विमान कपाटात ठेवणार म्हणजे लोक त्याला वरून बघणार. टोमॅटो खाली! तो बघायला लोकांनी काय कपाटाखाली मुंडी घालायची? आणि वरून ते विमान मी कधी पाहिलंच नाही. ते नीट कर, मग येते.

बूट आणले. चावत नव्हते कधीच.

आत्याआजी


१ जून

प्रिय आत्याआजी,

केलं नीट! भिंगवाले आधी तयार नव्हते. “धूळ बसेल, दोरा तुटेल, म्युझियममध्ये लोकांनी जमिनीवर लोळायचं का?” मी म्हटलं, “तुम्ही लोळलात तेव्हाच तुम्हाला पटलं ना?” मग ‘हूं’ म्हणाले.

विमान छताला टांगलंय, शेडच्या ज्या कोपऱ्यात शिलाईच्या मुली बसायच्या, बरोबर तिथे. खाली एक गादी आहे, उशी नाकाच्या दिशेला. कार्ड त्यांनी स्वतः लिहिलंय. वर तुझं पूर्ण नाव, खाली एवढंच: ‘पंखाखालचं लाल ठिगळ यांनी याच शेडमध्ये शिवलं. त्यांना ते डाव्या हाताला आठवतं. आडवे व्हा आणि पाहा.’

बाबा तुला आणायला येतायत. मी त्यांना सांगितलंय, रस्त्यात एकही विनोद नाही. ते म्हणाले, “एक तरी?” मी म्हटलं, आजीला विचारा.

चिमटी


१५ जून

चिमटे,

घरी पोचले. तुझ्या बाबाने रस्त्यात चार विनोद केले, त्यातले दोन बरे होते.

तिथे सगळ्यांसमोर मी गादीवर आडवी झाले ती नुसती बघायला नाही. मी तपासत होते. झडप उत्तम, कापड ताणलेलं, लाल बरोबर विटेचा. पण टोमॅटो तू जरा मोठा केलायस. दाण्याएवढा म्हणालीस तो निघाला वाटाण्याएवढा. तुझ्या बाबाला कळू देऊ नकोस. राहू दे तसाच.

आणि तू त्या काकांबरोबर ऑफिसात सरबत आणायला गेलीस ना, तेव्हाची गोष्ट तुला कुणी सांगितली नसेल. मी परत एकदा गादीवर आडवी झाले होते. डोकं नाकाकडे, नवे बूट शेपटाकडे. एक बाई आपल्या मुलीला घेऊन आली, कार्ड न बघताच वर बघत चालली आणि माझ्या बुटांना अडखळली. तेव्हाच माझी खात्री झाली, दिशा अगदी बरोबर आहे.

सॉरी म्हणाली, वर पाहिलं आणि लेकीला म्हणाली, “अय्या, हा टोमॅटो कुणी लावला असेल गं?”

मी खालून हात वर केला. ह्या वेळी मी चहाला गेले नव्हते.

आत्याआजी